रूळ किती?

माझ्या मामांकडे एक इंजिन आहे. हे वाक्य मी एकदा कोल्हापूरकडच्या एका खातेदारापुढे टाकलं, तर त्यानं लगेच विचारलं, "किती हॉर्सपॉवरचं?" इंजिन म्हटलं की ते विहिरीवरचंच, हे त्याच्या डोक्यात पक्कं. मामांचं इंजिन वीतभरही लांब नाही. काळं कुळकुळीत, सहा मोठी चाकं, मागे दोन लहान, आणि धूर न सोडणारं धुराडं. वजनाला मात्र असं की हातात घेतल्यावर माणूस आपोआप दोन्ही हात पुढे करतो.

मामा रेल्वेत होते, परळच्या वर्कशॉपमध्ये. १९५६ साली त्यांना सहा महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी विलायतेला पाठवलं. तिकडून येताना कुणी सूट आणला, कुणी घड्याळ आणलं, मामांनी हे इंजिन आणलं. हॉर्नबी डब्लो कंपनीचं. सोबत दोन डबे, एक मालडबा आणि गोल फिरणारे रूळ. मामी अजून सांगतात, "रेल्वेतल्या माणसानं विलायतेहून आगगाडी आणायची म्हणजे कोकणातल्या माणसानं काशीहून नारळ आणण्यातली गत!"

पण दर गणपतीत ही गाडी मखराभोवती फिरायची आणि मामी स्वतःच्या हातानं मालडब्यात एकेक मोदकाचं पीठ... चुकलो, एकेक बत्तासा ठेवायच्या. गाडी बाप्पापुढे थांबायची, आम्ही पोरं बत्तासा उचलायचो. प्रसादाची एवढी वक्तशीर वाहतूक आमच्या आळीत दुसऱ्या कुठल्याच घरी नव्हती.

१९९१ च्या गणपतीत गाडी बंद पडली. का बंद पडली, ते कुणालाच कळलं नाही. म्हणजे मला सोडून कुणालाच. मी तेव्हा सहावीत होतो. आदल्या दुपारी सगळे झोपलेले असताना इंजिनाच्या पोटात काय आहे ते पाहावं, या शुद्ध शास्त्रीय हेतूनं मी पोटाखालचा एक स्क्रू काढला होता. स्क्रूबरोबर एक पितळी पट्टी खाली आली. पट्टी गच्चीच्या पन्हळीत गेली, स्क्रू कुठे गेला देव जाणे. पुढची बत्तीस वर्षं इंजिन काचेच्या कपाटात आणि गुन्हा माझ्या पोटात.

मधल्या काळात मामा नव्वदीत पोचले. कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी १९९८ मध्ये उभं केलेलं छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय आहे, तिथे मी त्यांना एकदा नेलं. सगळं शहर, सिग्नल, बोगदे, झुकझुक गाड्या. मामांनी डोळे भरून पाहिलं, परतताना रिक्षात एवढंच म्हणाले, "आपलंही चालायचं रे." मला रिक्षातून उडी मारावीशी वाटली. रिक्षा ट्रॅफिकमध्ये उभीच होती, त्यामुळे उडीला अर्थ नव्हता.

त्या रात्री मी ठरवलं, पट्टी आणायची. २०२३ साल होतं. आता काय, सगळं जग खिशातल्या फोनमध्ये. खरेदीसाठी घरच्या चपलासुद्धा बदलाव्या लागत नाहीत. मी फोनवर इंजिनाचं नाव टाकलं आणि पंधरा सेकंदांत इंग्लंडातल्या एका विक्रेत्याचं पान उघडलं. "हॉर्नबी डब्लो, सहा अधिक दोन चाकांचं टँक इंजिन, वीज घेणारी पट्टी." फोटोही होता. मी हरखून गेलो. त्या पानानं मला माझं नाव विचारलं, पत्ता विचारला, पिनकोड विचारला, कार्डाचा नंबर विचारला, कार्डाच्या पाठीवरचे तीन आकडे विचारले, मी यंत्रमानव नाही ना हे विचारलं, आणि खात्री पटावी म्हणून नऊ चित्रांतून ट्रॅफिक सिग्नल ओळखायला लावले. एवढी चौकशी आमच्या वेळी मुलगी दाखवतानाही होत नसे.

पाच आठवड्यांनी पाकीट आलं. पट्टी सहा पौंडांची, टपाल तिच्या दुपटीहून जास्त, आणि वर कस्टम ड्युटी. इथे एक गोष्ट सांगतो. आपल्याकडे आगगाडीची प्रतिकृती ही कायद्यानं खेळणी या सदरात येते. खेळण्यांवरची आयात ड्युटी फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के. देशी खेळणी तयार व्हावीत हा हेतू, आणि तो वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण १९५६ सालच्या इंजिनाची पट्टी देशात तयार व्हायला अजून थोडा अवकाश असावा. मामांना ड्युटीचं दुःख नव्हतं. त्यांना 'खेळणं' हा शब्द लागला.

आणि पट्टी बसेना. सरळ धरली, उलटी धरली, मामांच्या चष्म्यातून पाहिली. बसेना. पानावर दिलेल्या ठिकाणी तक्रार केली तर उत्तर आलं की मागितलेला माल पाठवलेला आहे. ते खरंही होतं. मी मागितला तोच आला होता. मागताना काय मागावं एवढंच मला ठाऊक नव्हतं.

आता मी पडलो कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेचा कारकून. रक्कम जुळली नाही की आम्ही मागच्या नोंदी काढतो, तसा मी या व्यवहाराच्या मागच्या नोंदी काढायला बसलो. माझी समजूत होती की पूर्वी लोक दुकानात नाहीतर प्रदर्शनात जाऊन वस्तू घेत आणि आता इंटरनेटनं ही घरबसल्या पाकिटाची भानगड काढली. वाचू लागलो तेव्हा समजलं की हे भांडण शंभरीच्या पलीकडचं आहे.

छोट्या आगगाडीची पहिली मोठी नोंद सापडते ती जत्रेत. जर्मनीत ग्योपिंगन गावी मार्कलिन नावाच्या पत्रेकारानं १८५९ मध्ये कारखाना काढला. कारखान्यात काय व्हायचं, तर भातुकली! बाहुल्यांच्या स्वयंपाकघरातली पत्र्याची भांडी. पुढे १८६६ मध्ये तो वारला आणि त्याच्या मागे बायको कॅरोलिननं धंदा रेटला. आता भातुकलीचं वैशिष्ट्य प्रत्येक मुलीच्या बापाला माहीत आहे. ती कधी पुरी होत नाही. आज चूल घेतली की उद्या तवा लागतो, तवा घेतला की उलथनं. मार्कलिनांच्या पुढच्या पिढीनं हीच युक्ती आगगाडीला लावली. १८९१ मध्ये लाइपझिगच्या वसंत ऋतूतल्या जत्रेत त्यांनी चावीची गाडी मांडली आणि रुळांच्या रुंदीला नंबर दिले. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. त्याआधी ज्याची गाडी त्याचे रूळ, असा कारभार होता. आता यंदा घेतलेल्या गाडीला पुढच्या वर्षी घेतलेले रूळ जुळू लागले. गिऱ्हाईक एकदा येऊन जाणारं राहिलं नाही, त्याचं रिकरिंग खातं उघडलं. बँकिंगच्या इतिहासात या जत्रेचा उल्लेख नाही याचं मला वाईट वाटतं.

ही झाली जत्रेची बाजू. पाकिटाची बाजूही तितकीच जुनी. इंग्लंडात नॉर्दॅम्प्टन गावी बॅसेट-लोक नावाच्या तरुणानं १८९९ मध्ये छोट्या इंजिनांचा धंदा काढला तो टपालानं माल पाठवण्याचा. कॅटलॉग छापायचा, गिऱ्हाइकानं घरी बसून पानं उलटायची, ऑर्डर लिहायची आणि पोस्टमनची वाट पाहायची. म्हणजे आपलं व्ही.पी.पी.! माझ्या लहानपणी शेजारच्या काकांनी मासिकातली जाहिरात वाचून व्ही.पी.नं दुर्बीण मागवली होती. तिच्यातून त्यांना पोस्टमन फार लवकर दिसायचा, पण दुसरं काही दिसायचं नाही. असो. सांगायचं एवढंच की ऑनलाइन खरेदीचे आजोबा १८९९ मध्ये नॉर्दॅम्प्टनला बसले होते. त्यांना फक्त वीज नव्हती.

पण या आजोबांची गंमत पुढेच आहे. १९०० मध्ये ते पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाला गेले. तिथे न्यूरेंबर्गच्या बिंग कंपनीच्या गाड्या त्यांनी पाहिल्या, हाताळल्या, आणि "अशाच, पण आमच्या इंग्लिश इंजिनांच्या धर्तीवर करून द्या" म्हणून सौदा केला. लोकांना घरी पाकीट पाठवणाऱ्यानं स्वतःचा माल मात्र प्रदर्शनात डोळ्यांनी पाहून घेतला! आणि १९०८ मध्ये याच गृहस्थांनी लंडनला हाय होबर्नमध्ये दुकान थाटलं. कॅटलॉग कितीही चांगला छापला तरी माणसाला काउंटर लागतो, हे कॅटलॉगवाल्याला आधी कळलं.

तिसरी नोंद आमच्या बिरादरीची आहे आणि ती मी थोडी छाती फुगवून सांगतो. फ्रँक हॉर्नबी हा लिव्हरपूलचा, जन्म १८६३, आणि पेशानं हिशेबनीस. परदेशातून मांस आणणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे वह्या लिहायचा. आमच्यातला कारकून फार तर फाइलच्या कागदाला भोकं पाडतो, यानं आपल्या दोन मुलांसाठी पत्र्याच्या पट्ट्यांना भोकं पाडली. नटबोल्टांनी पट्ट्या जोडायच्या आणि पूल करा, क्रेन करा, काय वाटेल ते करा. १९०१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तेच पुढे मेकॅनो. त्याच्या शेठनं त्याला ऑफिसशेजारची जागा दिली आणि धंद्यात भागीदारीही केली. कारकुनानं ऑफिसच्या वेळात खेळणी केली तर आमच्याकडे मेमो मिळतो, भागीदार मिळत नाही. पण तो काळच निराळा. १९२० मध्ये हॉर्नबीची चावीची आगगाडी निघाली, १९३१ मध्ये स्वारी पार्लमेंटात निवडून गेली, आणि १९३६ मध्ये वारली. त्यानंतर दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, विजेवर चालणारी लहान मापाची गाडी बाजारात आली. तीच हॉर्नबी डब्लो, मामांची.

आता मूळ मुद्दा, सुटे भाग. १९६४ मध्ये हॉर्नबीची कंपनी ट्रायँग गाड्या करणाऱ्या लाइन्स बंधूंनी विकत घेतली आणि डब्लो बंद केली. गाड्या ट्रायँगच्याच चालू राहिल्या, पुढे त्यांना हॉर्नबीचं नाव मिळालं. म्हणजे नाव हॉर्नबीचं आणि गोत्र ट्रायँगचं, असं ते दत्तकविधान. १९७१ मध्ये लाइन्स बंधूही बुडाले. लिव्हरपूलचा मेकॅनोचा जुना कारखाना १९७९ मध्ये बंद झाला. मग १९५६ सालच्या इंजिनाला पट्टी हवी तर मागायची कुणाकडे? ज्यानं केली ती कंपनी नाही, जिनं घेतली ती कंपनी नाही.

इथे त्या छोट्या व्यापाऱ्यांचा प्रवेश होतो. एकेक माणूस, फार तर नवराबायको, एक व्हॅन आणि शंभर खणांची पेटी. कुणी फक्त चाकं विकतो, कुणी फक्त बफर, कुणी डब्यांवर चिकटवायचे नंबर, कुणी जुन्या डब्लोचे सुटे भाग. असली माणसं निपजली त्याला कारणही मजेदार आहे. इंग्लंडातली खरी इंजिनं युरोपातल्यांपेक्षा चणीनं लहान. साडेतीन मिलिमीटरला एक फूट या मापानं त्यांची प्रतिकृती केली तर आत मोटार मावेना. मग इंग्रजांनी अंग मोठं केलं, चार मिलिमीटरला एक फूट, आणि रूळ मात्र जुन्याच १६.५ मिलिमीटरचे ठेवले. झब्बा थोरल्या भावाचा आणि चप्पल धाकट्याची! हिशेबानं रूळ १८.८३ मिलिमीटर रुंद हवेत. बहुतेकांनी ही सव्वादोन मिलिमीटरहून थोडी जास्त तूट सोडून दिली. पण प्रत्येक समाजात पैशापैशाचा ताळा जुळेपर्यंत घरी न जाणारे काही असतात. त्यांनी १९६० नंतरच्या दशकात अचूक रुंदीचे रूळ आणि चाकं स्वतः करायला घेतली. कारखाने एवढ्या थोड्या लोकांसाठी माल काढेनात, तेव्हा त्यांच्यातल्याच एखाद्यानं स्वतःपुरती चाकं करता करता शेजाऱ्यापुरती केली आणि तो व्यापारी झाला.

असा माणूस दुकान टाकू शकत नाही. एका गावात त्याची गिऱ्हाइकं दोन. तो वारकऱ्यासारखा प्रदर्शनामागून प्रदर्शन करत फिरतो. ही प्रदर्शनं भरवतात क्लब. लंडनचा मॉडेल रेल्वे क्लब १९१० चा. पुढे ईस्टरला वेस्टमिन्स्टरच्या सेंट्रल हॉलमध्ये त्याची प्रदर्शनं भरत. गावोगावी तसेच क्लब, शाळेच्या नाहीतर चर्चच्या हॉलात दोन दिवस मांडामांड. अर्थशास्त्र आपल्या जत्रेचंच. मधे देव, म्हणजे सभासदांनी वर्षानुवर्षं खपून केलेली छोटी स्टेशनं आणि गावं. कडेनं पाल ठोकून व्यापारी. लोक येतात दर्शनाला आणि खर्च करतात पालांत. व्यापाऱ्यांचं भाडं आणि दाराशी घेतलेलं तिकीट यांतून हॉलचा आणि ती स्टेशनं ट्रकनं आणण्याचा खर्च निघतो. पालं उठली तर देव उघड्यावर पडतो.

एवढं ज्ञान गोळा झालं आणि योगायोगानं मामेभावाचं पत्र, म्हणजे व्हॉट्सॅप, आलं. तो कॉव्हेंट्रीला असतो. "रजा आहे ना, ये इकडे. नोव्हेंबरात बर्मिंगहॅमला वॉर्लीचं प्रदर्शन आहे." वॉर्ली हे १९६७ सालच्या एका क्लबचं नाव, आणि त्यांचं प्रदर्शन म्हणजे तिकडची पंढरीच. बर्मिंगहॅमच्या एनईसीत भरायचं, खऱ्या रेल्वे स्टेशनाच्या अगदी शेजारी. खऱ्या गाडीतून उतरायचं आणि खोट्या गाड्या पाहायला पैसे मोजायचे, हे मामींना सांगितलं असतं तर त्यांनी पुन्हा काशीचे नारळ काढले असते.

आत शिरलो आणि मला तुळशीबाग आठवली. तीच गर्दी, तीच वाकून वाकून पाहणारी माणसं, फक्त बांगड्यांच्या जागी चाकं. फरक एकच. तुळशीबागेत नवरे कोपऱ्यात पिशव्या धरून उभे असतात, इथे बायका उभ्या होत्या. एका टेबलाशी एक जाडा तरुण पितळी इंजिनाचा संच हातात घेऊन उलटसुलट पाहत होता. व्यापारी त्याला तो कसा घडी घालायचा, कुठे झाळायचा, कुठली खाच आधी वाकवायची हे सांगत होता. चांगली वीस मिनिटं. तरुणानं आभार मानले, बाजूला झाला, फोन काढला आणि तोच संच दुसरीकडे चार पौंडांनी स्वस्त मिळतो म्हणून तिथून मागवला. दर्शन इथे आणि दक्षिणा तिथे! मला संताप आला आणि लगेच ओसरला, कारण माझ्या खिशातल्या फोननंही हेच पाप केलं होतं. शिवाय खरं सांगायचं तर त्या फोनचे उपकारही आहेत. दूर खेड्यात राहणाऱ्याला, अंथरुणाला खिळलेल्याला, रात्री दोन वाजता स्प्रिंगची आठवण येणाऱ्याला दुसरा आधार कुठला? २०२० च्या साथीत सगळी प्रदर्शनं बंद पडली तेव्हा हे छोटे व्यापारी जगले ते पाकिटांवरच.

जुन्या डब्लोचं टेबल शेवटी एका कोपऱ्यात सापडलं. मागे सत्तरीचे एक आजोबा, अंगात चार खिशांचं जाकीट, पुढे लहान लहान खणांची पेटी. प्रत्येक खणावर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं, ते त्यांचं त्यांनाच वाचता यावं असं. मी खिशातून ती ऑनलाइन पट्टी आणि इंजिनाचा फोटो काढला आणि घरी मनात पाठ केलेलं इंग्रजी भाषण सुरू केलं. त्यांनी दुसऱ्याच वाक्याला हात वर केला.

"गाडी किती रुळांवर चालते?"

मला हसू आलं. रेल्वेवाल्याच्या भाच्याला हा प्रश्न! "दोन," मी म्हणालो, "आगगाडी म्हटली की दोनच."

"नक्की? मधे तिसरा नाही?"

मी नक्की म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मखराभोवतीचे ते रूळ मला आठवेनात. बत्तासे आठवत होते. "घरी विचारा," आजोबा म्हणाले, "मी इथेच आहे."

तिकडे सकाळचे साडेदहा, म्हणजे पुण्यात दुपारचे चार. मामा चहाला उठले असणार. फोन लावला.

"मामा, आपल्या गाडीला रूळ किती?"

"तीन. मधला विजेचा," मामा म्हणाले. "का रे?"

"तुम्ही मला कधी बोलला नाहीत!"

"तू मला कधी विचारलंस?"

हे अगदी खरं होतं. पट्टीबद्दल मी साऱ्या दुनियेला विचारलं होतं, ज्याची गाडी त्याला सोडून. कारण त्याला विचारायचं तर पट्टी कुठे गेली हेही निघालं असतं.

आजोबांनी मग मला समजावलं. डब्लो आधी तीन रुळांची होती. मधल्या रुळावरून वीज घ्यायला इंजिनाच्या पोटाखाली पट्टी. १९५९ पासून कंपनीनं दोन रुळांच्या गाड्या काढल्या, त्यांत वीज चाकांतून येते. इंजिन दिसायला तेच, पोट निराळं. मी मागवलेली पट्टी दोन रुळांच्या इंजिनाची. ती बसणं शक्यच नव्हतं. त्या पानानं मला पाठीवरचे तीन आकडे विचारले, पण पोटाखालचे तीन रूळ विचारले नाहीत. आणि विचारणार कसं? ज्याला काय हवं ते नेमकं ठाऊक आहे त्याच्यासाठी ते पान आहे. माझ्यासारख्याला काय ठाऊक नाही, ते ओळखायला पेटीमागे माणूसच बसावा लागतो.

त्यांनी एक खण उघडला, पट्टी काढली, वर एक स्क्रू ठेवला. "चार पौंड. स्क्रू तसाच घ्या, तो नेहमी हरवलेला असतो." मी उत्साहाच्या भरात म्हणालो, "मोटारही द्या. बत्तीस वर्षं बंद आहे." आजोबांनी मान हलवली. "आधी धूळ पुसा, तेलाचा एक थेंब द्या, एकच, आणि चालवून पाहा. मला वाटतं चालेल. नाही चाललं तर पुढच्या वर्षी घेऊन या, मी याच कोपऱ्यात असतो. आणि चाललं तरी सांगायला या." हातचं गिऱ्हाईक परत पाठवणारा व्यापारी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. आमच्या बँकेत त्याला टार्गेट पुरं करता आलं नसतं.

डिसेंबरात मी परतलो. एका रविवारी मामांच्या जेवणाच्या टेबलावर तीन रुळांचं कडं मांडलं. इंजिन उलटं केलं, धूळ पुसली, तेलाचा एक थेंब, आजोबांनी सांगितला तसा. पट्टी बसली, टक्कन. आता स्क्रू. मी आजोबांच्या पुडीतला स्क्रू काढला, तोच मामा उठले, कपाटाच्या खालच्या खणातून एक जुनी काडेपेटी घेऊन आले आणि माझ्यापुढे उघडली. आत कापसात एक स्क्रू होता.

"हा लाव. हा त्याचाच आहे," मामा म्हणाले. "त्या दिवशी माझ्या पलंगाखाली मिळाला. पट्टी नाही मिळाली."

मी वर पाहिलं नाही. "तेव्हाच का नाही बोललात?"

"मी परळला अठ्ठावीस वर्षं इंजिनं उघडली," मामा म्हणाले. "पहिलं उघडलं तेव्हा माझेही स्क्रू उरले होते. बटण दाब."

गाडी आधी गुरगुरली, मग हिसका देऊन निघाली. सव्वाचारशे रुपयांच्या पट्टीवर. मामी आतून आल्या, काही बोलल्या नाहीत, परत आत गेल्या आणि बत्तासे नव्हते म्हणून खडीसाखर घेऊन आल्या.

आजोबांना हे कळवायचं होतं. पण त्यांनी मला कार्ड दिलं नव्हतं, मी मागितलं नव्हतं, आणि पावती म्हणजे पेन्सिलीनं लिहिलेला कागदाचा कपटा, त्यावर फक्त "पट्टी ४". हरकत नाही म्हटलं, वर्षभरानं मामेभाऊ जाईलच. तर जानेवारी २०२४ मध्ये त्याचा निरोप आला. वॉर्लीच्या क्लबनं जाहीर केलं होतं की नोव्हेंबरात झालं तेच शेवटचं. काम फार, खर्च फार, आणि खांद्यावर घ्यायला माणसं थोडी, ती पण वयस्क. मी पाहिली ती शेवटची पंढरी.

म्हणजे फोन जिंकला म्हणावं, तर त्याच जानेवारीत दुसरी बातमी आली. लिव्हरपूलला १९४६ मध्ये एका छोट्या दुकानात सुरू झालेली हॅटन्स नावाची पेढी होती. दुकानातून टपालावर, टपालावरून इंटरनेटवर असं करत ती या मालाच्या मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांत गेली, आणि २०१६ मध्ये विडनेसला मोठ्या जागेत हलली. तिनंही धंदा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. एकाच महिन्यात जत्राही उठली आणि पाकीटवालाही उठला. एकाचं गिऱ्हाईक दुसऱ्यानं खाल्लं, एवढा सोपा हा हिशेब नाही. दोघांचं गिऱ्हाईक एकच होतं, आणि ते म्हातारं झालं.

तरी छोटी प्रदर्शनं भरतात, शाळांत, चर्चच्या हॉलांत. मामेभावाला मी सांगून ठेवलंय, जिथे जाशील तिथे कोपरे बघ. चार खिशांचं जाकीट, पेन्सिलीनं लिहिलेले खण. दिसले की सांग, गाडी चालली.

बँकेत ज्या रकमेचा मालक सापडत नाही ती आम्ही सस्पेन्स खात्याला टाकतो. आजोबांचा निरोप तिथे जमा आहे. त्यांचा तो जादा स्क्रूही माझ्याकडेच आहे, त्याच काडेपेटीत, कापसावर. मामा म्हणतात, राहू दे. घरात नातू आहे, तो सहावीत गेलाय.